रिकामा शंख

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी आम्ही बेलापूरहून सहकुटुंब अलिबागेस गेलो होतो. आमच्या बेलापुरात पाणी आहे, नाही असे नाही. पण ते पनवेलच्या खाडीचे. तिथे चिखल आणि तिवरे. पोराबाळांना वाळूचा किल्ला करायचा तर पेण-वडखळ ओलांडूनच जायला हवे. ओहोटी साधून चालतच कुलाबा किल्ल्यात जाऊन आलो, भजी खाल्ली, आणि पाच वर्षांच्या नातीने बादलीभर शंख वेचले.

"आजोबा, हे घेतले तर चालतील?" तिने मला विचारले होते.

"घे की! रिकामेच तर आहेत. कोणाचे थोडेच आहेत?"

रविवारी रात्री, घरी, ओल्या वाळूच्या त्या बादलीतला एक शंख चालू लागला.

या खेकड्याचे पोट मऊ आणि उघडे. त्यावर कवच नसते, म्हणून मेलेल्या समुद्री गोगलगायीच्या शंखात तो बिऱ्हाड थाटतो आणि अंग वाढले की मोठी जागा शोधू लागतो. शंखांची टंचाई झाली की एकमेकांची घरे बळकावण्यापर्यंत पाळी येते. (मुंबईकराला हे निराळे समजावून सांगायला नको!) म्हणजे जे शंख खरोखरच रिकामे होते, तेही पुढच्या भाडेकरूची वाट पाहत पडलेले होते.

'रिकामे' हा मोठा सोयीचा शब्द आहे. मालक समोर दिसला नाही की आपण वस्तूला रिकामी म्हणतो आणि उचलतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर उभे राहू लागले, तेव्हा आम्हा मुंबईच्या माणसांना ही सारी जमीन मोकळीच वाटली. इथे आगरी-कोळ्यांची गावे होती, भाताची खाचरे होती, मिठागरे होती. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जासईच्या बाजूला गोळीबार होऊन पाच माणसे गेली. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. मी इथे ब्लॉक घेतला तेव्हा एवढेच विचारले होते, की पाणी किती वेळ येते.

"खाडीत सोडून देऊ," मुलगा म्हणाला. "शेवटी पाणी समुद्राचेच ना?"

ते खरेच होते. पण खरे म्हणून मी मान डोलावली, की अलिबागची खेप वाचली म्हणून, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

सकाळी भरतीच्या वेळी दिवाळे कोळीवाड्याजवळ गेलो. नातीने खेकडा हलकेच पाण्याच्या कडेला ठेवला. मग सगळी बादलीच तिथे पालथी केली.

"मोठा झाल्यावर त्याला लागतील," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिच्या फ्रॉकच्या खिशात एक गुलाबी शंख निघाला. तिने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. खिशातून किल्ली काढली आणि आमच्या ब्लॉकचे दार उघडले.