निपुत्रिकांचं ऋण

आमच्या जावयांचे पूर्वज डर्बीशरमधल्या स्टोनी मिडलटनचे. 1538 च्या राजाज्ञेनंतर इंग्लंडमधली चर्चेस बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी ठेवू लागली. जावई त्यातून वंशावळ जुळवतात. माझं लक्ष मात्र वरच्या अंगाला असलेल्या ईम गावाकडे जातं.

1665 मध्ये ईममध्ये प्लेग शिरला. विल्यम मॉम्पेसन आणि थॉमस स्टॅन्ली या धर्मगुरूंचं ऐकून गावाने स्वतःला कोंडून घेतलं. शिवेवरच्या दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवत; बाहेरचे लोक त्या मोबदल्यात अन्न ठेवून जात. 1666 च्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली.

त्या सहा मुलांपुढे वंश नाही. रक्ताच्या हिशेबात ती कुणाचीच पूर्वज नव्हेत. पण ईमचे लोक घाबरून खाली पळाले असते, तर स्टोनी मिडलटनमध्ये किती घरं उरली असती? माझ्या नातवाच्या असण्याचं श्रेय त्या मुलांकडेही जातं.

आपल्या तर्पणात निपुत्रिकांना पाणी आहे. गुरूला, मित्रालाही आहे. सर्वपित्री अमावस्येला मी ईमकरांसाठीही तिलोदक सोडतो. “ते ख्रिस्ती. त्यांना याची काय गरज, बाबा?” लेक विचारते. त्यांना नसेलच. ऋण मान्य करण्याची गरज घेणेकऱ्याला नसते, देणेकऱ्याला असते.