कड वाचावी

पदकाच्या दर्शनी बाजूला राजा असतो. शिपाई असतो कडेला: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. नवखा संग्राहक राजा बघतो, मुरलेला कड वाचतो.

ब्रिटिश अमलातल्या कित्येक मोहिमांची पदकं शिपायाला चांदीची आणि छावणीतल्या भिस्ती-सईसांना कांस्याची मिळत. दर्जा धातूतच ओतलेला. पुढे अडीनडीला कितीतरी चांदी सराफाच्या मुशीत गेली. कांस्याला मोडीत विचारतो कोण? तरी मुळातच कमी दिलं गेलेलं म्हणून आता भिस्त्याचं पदक अनेकदा शिपायाच्या पदकाहून महाग विकलं जातं. न्याय झाला खरा, पैसे मात्र व्यापाऱ्याला मिळाले.

12 ऑगस्ट 1803 ला ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीनं मराठ्यांकडून नगरचा किल्ला घेतला. त्या युद्धाचं पदक मंजूर झालं 1851 साली, तेही तोवर जिवंत राहिलेल्यांना. रिबिनीवरच्या पट्ट्यांत असई आहे, अडगाव आहे, गाविलगड आहे. नगर नाही. 8 ऑगस्टला शहराच्या तटाला शिड्या लावताना जे कोसळले, ते दोनदा वगळले गेले: एकदा मेले म्हणून, एकदा नगरला मेले म्हणून.

हत्यार बोलत नाही आणि विकणारा थांबत नाही.

तलवारीचं पातं मुठीत लाखेनं बसवलेलं असतं. लाख तापवली की सुटतं. त्यामुळे तीनशे वर्षांच्या पात्याला परवाची मूठ सहज बसते. फिरंगेचं तर पातंच युरोपातलं आणि मूठ इथली. शिवाय तिकडच्या नामांकित खुणांची नक्कल इथले कारागीरही करत. खूण हा पुरावा नव्हे, पहिला प्रश्न आहे. आधी सांधा पाहावा.

नावासकट येणारं हत्यार विरळा. नागपूरकर रघुजी भोसल्यांची फिरंग महाराष्ट्र शासनानं 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून घेतली. तिच्या पाठीवर देवनागरीत नाव आहे, सेनासाहेबसुभा हे पदही आहे. 2024 मध्ये साताऱ्यात आलेल्या वाघनखांचं तसं नाही. तिथे मजकूर आहे तो साताऱ्याचा तेव्हाचा ब्रिटिश रेसिडेंट ग्रँट डफ याच्या पेटीवर. अफझलखानाच्या वेळची तीच ही, हे सिद्ध करता येत नाही, असं ती बाळगणारं लंडनचं संग्रहालय स्वतःच सांगतं. ते वाचून आपल्याला राग येतो. पुरावा मागणाऱ्यावर रागावणं हे भक्तीचं लक्षण असेल, अभ्यासाचं नाही.

मुलूख-ए-मैदान तोफ 1549 मध्ये नगरात ओतली गेली. आज ती विजापूरच्या शेर्झा बुरुजावर आहे. तिच्यावर ओतणाऱ्याचं नाव आहे, महंमद बिन हसन रूमी. विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानं कोरवलेला लेखही आहे. करणारा आधी लिहितो, जिंकणारा त्यावर. 1854 साली निरुपयोगी माल म्हणून तिचा लिलाव झाला आणि बोली आली 150 रुपये. नशीब, सौदा पुरा झाला नाही. किंमत कळायला वस्तू आधी ओळखावी लागते, हे सरकारलाही लागू.

नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी. मराठा पलटणीच्या या शिपायानं दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणलं, मग मशीनगनची ठाणी एकट्यानं गप्प केली. त्यांना मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस काळपट ब्राँझचा, मोडीत फुकटच. हा धातू क्रिमियात जिंकलेल्या रशियन तोफांचा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची सांगोवांगी. वूलिचला ज्या तोफांतून तो काढला म्हणून दाखवतात, त्या चिनी घडणीच्या निघाल्या. म्हणजे सर्वोच्च पदकालाही ऐकीव गोष्ट चिकटतेच. पण मागच्या वर्तुळातली तारीख आणि वरच्या पट्टीमागचं नाव यांना साक्षीदार लागत नाही. मला अशा दोन ओळी दहा दंतकथांहून प्रिय आहेत.

पदकं एकेकटी विकली की माणूस फुटतो. तीन पदकं मिळून एकाची नोकरी असते. सुटी झाली की तो नुसता धातू.

तुमच्या घरी पणजोबांचं पदक असेल तर चिंच-राख लावून घासू नका. लखलखाट येतो, कडेचं नाव झिजतं. भिंग घ्या, नंबर आणि पलटण वाचा, वहीत उतरवून ठेवा. विकायचंच झालं, तर सगळी एकत्र विका आणि त्या पानाची नक्कल सोबत द्या.