नाव नसलेले चेहरे

जुने छायाचित्र हाती आले की मन हळवे होते. गवताने शाकारलेले दगडी घर, उंबऱ्यावर बसलेली वृद्धा, भिंतीशी टेकवून ठेवलेले फावडे. एवढे दिसले तरी आपण सहज उद्गारतो, 'किती सुंदर होते ते दिवस!' परंतु असा उद्गार काढला म्हणजे आपण त्या दिवसांचे स्मरण केले, असे होते काय? गेलेल्यांकडे पाहणे आणि गेलेल्यांना स्मरणे, या दोहोंत अंतर आहे काय?

हा प्रश्न स्कॉटलंडच्या संदर्भात विशेष तीव्रतेने उभा राहतो. छायाचित्रणाची कला बाल्यावस्थेत असल्यापासून त्या देशाची गावे, घरे आणि गल्ल्या काचेच्या तबकड्यांवर उतरवल्या गेल्या. ॲबरडीनचे जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन आणि डंडी येथील व्हॅलेंटाइन कुटुंब यांनी तर खेड्यापाड्यांच्या दृश्यांचा मोठा व्यापारच उभारला. विल्सन यांच्या कंपनीच्या हजारो काचा आज ॲबरडीन विद्यापीठात जतन केलेल्या आहेत. आपले गाव पूर्वी कसे होते, हे शोधू पाहणाऱ्या स्कॉटिश माणसाला हा अमोल ठेवा वाटावा यात नवल नाही.

पण हा ठेवा कशातून निर्माण झाला, हेही आपण विचारले पाहिजे. ग्लासगो शहरातील दाट, कोंदट गल्ल्या पाडण्याचा कायदा १८६६ साली झाला. पाडकामापूर्वी त्यांची नोंद असावी म्हणून थॉमस ॲनन यांना १८६८ पासून ती छायाचित्रे घेण्याचे काम देण्यात आले. अरुंद गल्लीत उजेड कमी, म्हणून काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे. भिंती स्थिर राहिल्या, त्या स्वच्छ उमटल्या. माणसे हलली, त्यांचे धुरकट डाग झाले. गरिबाच्या घराचे चित्र घ्यावे असे वाटले ते घर पाडण्याच्या वेळी, आणि त्या चित्रातही घर राहिले, गरीब पुसला गेला!

सेंट किल्डा या अटलांटिकमधील दूरस्थ बेटाची कथा अधिकच बोलकी आहे. विल्सन यांच्या कंपनीने १८८६ साली घेतलेल्या एका प्रसिद्ध चित्रात बेटावरील पुरुष घरांसमोर एकत्र जमलेले दिसतात. अशी चित्रे पाहून मुख्य भूमीवरील लोक हरखत होते, आगबोटीतून प्रवासी बेटावर येत होते. पण इकडे बेटावरचे जगणे अशक्य होत चालले होते. अखेर स्वतः रहिवाशांनीच विनंती केल्यावरून २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेल्या ३६ जणांना बेटावरून हलविण्यात आले. प्रत्येक घरात उघडे बायबल आणि ओटचे थोडे दाणे ठेवून ते निघाले, असे सांगितले जाते. ज्यांच्या घरांची चित्रे दूरदूरच्या दिवाणखान्यांत पोहोचली, त्यांनाच ती घरे सोडावी लागली.

मग ही चित्रे घेतलीच नसती तर बरे झाले असते, असे म्हणावे काय? तसे म्हणता येणार नाही. सदरलँड परगण्यातील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात १८१४ आणि १८१९ साली मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना हुसकावून त्यांची घरे जाळण्यात आली. तेव्हा कॅमेरा जन्माला यायचा होता. त्या घरांपैकी एकाचेही छायाचित्र नाही. उरले आहेत ते गवतातले दगड. त्या दगडांपुढे उभे राहिले की कळते, व्यापारासाठी घेतलेले चित्रसुद्धा साक्षीदार असते. हेतू उणा असला तरी साक्ष खोटी ठरत नाही. प्रश्न उरतो तो आपला: त्या साक्षीचे आपण काय करतो?

एडिंबरोजवळच्या न्यूहेवन गावातील कोळी स्त्री-पुरुषांची छायाचित्रे हिल आणि ॲडमसन या जोडीने १८४३ ते १८४७ या काळात घेतली. त्यांतील नजर खाली वळवलेल्या एका कोळिणीच्या चित्राविषयी जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन यांनी १९३१ साली लिहिले. चित्रकाराच्या कौशल्याचे कितीही कौतुक केले तरी त्या चित्रात असे काही उरते, जे गप्प बसत नाही. ही स्त्री कोण होती, तिचे नाव काय, हे जाणण्याची ओढ लागते, असा त्यांचा आशय होता. तिचे नाव आज ज्ञात आहे: एलिझाबेथ जॉन्स्टन हॉल. नाव कळताच 'एक कोळीण' नाहीशी होते आणि कोणाची तरी लेक, कोणाची तरी शेजारीण आपल्यासमोर उभी राहते.

आमच्या मते पाहणे आणि स्मरणे यांतील सीमारेषा येथे आहे. सौंदर्य पाहणाऱ्याचे समाधान करते. नाव मात्र पाहणाऱ्यावर ऋण ठेवते. हे ऋण ओळखून काम करणारेही झाले. अमेरिकेत जन्मलेल्या मार्गारेट फे शॉ १९२९ ते १९३५ अशी सहा वर्षे साउथ उइस्ट या बहुसंख्य कॅथलिक वस्तीच्या बेटावर पेगी आणि मारी मॅक्रे या बहिणींच्या घरी राहिल्या. त्यांनी गेलिक भाषा आत्मसात केली, गाणी टिपून घेतली, आणि छायाचित्रे घेतली ती याच सहवासातून. ज्यांच्या चुलीशी आपण बसलो त्यांचे चित्र 'गरिबीचे दृश्य' होऊ शकत नाही.

सगळ्यांना असे राहणे शक्य नाही. पण चित्रातील घर कोणाचे, दाराशी कोण उभे आहे, ते पुढे कोठे गेले, हे गावातील वृद्धांना विचारून चित्रामागे लिहून ठेवणे कोणालाही शक्य आहे. या कामाला मुदत असते. सेंट किल्डावर जन्मलेली शेवटची व्यक्ती २०१६ साली निवर्तली. तिच्याबरोबर काही प्रश्नांची उत्तरे कायमची गेली. कागद शंभर वर्षे टिकतो, पण चेहरा ओळखणारा माणूस तितका टिकत नाही. म्हणून चित्र सांभाळण्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक निकड नाव विचारून घेण्याची आहे.