पाठीवर छापलेलं दान

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २१

आजचा श्लोक राजस दानाचा. काल आपण २० वा श्लोक पाहिला. सात्त्विक दान म्हणजे द्यायला हवं म्हणून दिलेलं, ज्याच्याकडून परत काही मिळणार नाही अशाला दिलेलं, आणि देश, काळ, पात्र बघून दिलेलं. आज दुसरा प्रकार. त्याच्या तीन खुणा भगवंत सांगतात: परतफेडीची अपेक्षा, फळावर नजर, आणि देताना जिवाला होणारा त्रास.

ज्ञानेश्वर माउली इथे गाईचं उदाहरण देतात. मनात दुभतं धरून गाईला चारा घालावा, तसं हे दान. हे उदाहरण मी कितीतरी वेळा वाचलं होतं. पण एका वारीत असा चारा घालताना मी स्वतःच सापडलो. आज तेच सांगतो.

मी ज्या कंपनीत काम करतो, ती बिल्डर लोकांना सॉफ्टवेअर पुरवते. तुम्ही वेबसाइटवर नंबर टाकला की तुम्ही ‘लीड’, साइट बघायला आलात की ‘व्हिजिट’, पैसे भरलेत की ‘बुकिंग’. वारीच्या तोंडावर एका क्लायंटची कॅम्पेन आली: तुम्ही आमची साइट बघायला या, तुमच्या नावानं आम्ही एका वारकऱ्याला रेनकोट देऊ. मला कल्पना आवडली, अगदी मनापासून. डॅशबोर्ड मीच केला. त्यात ‘लीड’ या कॉलमशेजारी एक नवा कॉलम होता: ‘सेवा’.

पालख्या पुण्यातला मुक्काम आटोपून निघाल्या, त्या सकाळी आम्ही हडपसरला रस्त्याकडेला टेबल मांडून उभे होतो. रेनकोटच्या पाठीवर प्रकल्पाचं नाव, त्याखाली टू आणि थ्री बीएचके, खाली महारेराचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड. घराच्या जाहिरातीवर नोंदणी क्रमांक कायद्यानंच लागतो, आणि महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. म्हणजे बघा, छापताना आम्ही त्या रेनकोटला जाहिरातच मानलं होतं. फक्त मागच्या बॅनरवर ‘वारकरी सेवा’ असं लिहिलं होतं.

एक आजी आल्या. सत्तरीच्या असतील. डोक्यावर तुळस. पाऊस नव्हता, उलट चांगलं ऊन पडलं होतं. फोटोग्राफर म्हणाला, “आजी, घालून दाखवा ना. आणि पाठ इकडे करा.”

“अरं लेकरा, पाऊस कुठंय?”

तरी त्यांनी तुळस खाली ठेवली आणि रेनकोट घातला. फोटो हलला. मग काढायला लावला, पुन्हा हातात देतानाचा फोटो, पुन्हा घालतानाचा. त्यांची दिंडी पुढे निघून चालली होती. मानेवरून घाम ओघळत होता. मलाच कसंतरी झालं. म्हटलं, “आजी, राहू द्या आता.”

तर त्या म्हणाल्या, “तुमचं काम व्हतंय न्हवं, माउली? मग घालते की.”

फोटो झाला. त्यांनी रेनकोटाची घडी करून पिशवीत टाकली, तुळस डोक्यावर घेतली आणि दिंडी गाठायला झपाझप निघून गेल्या.

घरी येऊन रात्री मी २० वा श्लोक उघडला आणि त्या प्रसंगावर ठेवून पाहिला. परत काहीच मिळणार नाही अशा माणसाला दिलं, कुणी? वारीच्या वाटेवर, योग्य वेळी, समोरच्याची गरज ओळखून दिलं, कुणी? आम्ही तर एकेक रेनकोट मोजून दिला होता आणि त्याबदल्यात फोटो घेतला होता. त्या आजींनी भर उन्हात प्लॅस्टिक अंगावर चढवलं, का, तर समोरच्या पोराचं काम व्हावं. टेबलाच्या अलीकडे सगळे दाते उभे होते असं बॅनर म्हणत होता. खरं दान पलीकडून आलं.

तिसरी खूण, त्रासाची, ती पुढच्या आठवड्यात दिसली. रिव्ह्यू मीटिंगमध्ये कळलं की रेनकोट पाचशे गेले, पण व्हिजिट अपेक्षेपेक्षा कमी आल्या. कुणीतरी वैतागून म्हणालं, “रेनकोट फुकट गेले.” मी मनात म्हटलं, फुकटच तर द्यायचे होते ना!

आता तुम्ही विचाराल, आणि हा प्रश्न रास्त आहे: हेतू काहीही असो, आजींना रेनकोट मिळाला ना? पुढे दिवे घाटात पाऊस लागला असेल तर लोगोवाला रेनकोटही तेवढाच कामाला आला असेल. खरंय. म्हणूनच भगवंत याला पाप म्हणत नाहीत, राजस म्हणतात. ते दानच आहे. घेणाऱ्याच्या पदरात ते पूर्ण पडतं. देणाऱ्याच्या मनाला मात्र त्याचा जो उपयोग व्हायचा, तो होत नाही. दानानं ‘माझं’ थोडं सुटायला हवं. इथे ‘माझं’ आणखी मोठ्या अक्षरांत छापलं जातं.

आणि जाहिरात करणं हेही पाप नाही. बिल्डरनं घर विकू नये तर काय करावं? घोटाळा होतो तो एकाच खर्चाला दोन नावं दिली की. आपला कंपनी कायदाही हे ओळखतो. आपल्या मालाच्या मार्केटिंगला फायदा व्हावा म्हणून केलेलं प्रायोजकत्व सीएसआरच्या नियमांत सामाजिक खर्च म्हणून धरता येत नाही. सरकारी नियमाला जे कळतं, ते माझ्या डॅशबोर्डला कळत नव्हतं.

पंढरपूरला महाद्वारात नामदेव पायरी आहे. येणाऱ्या भक्तांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेवरायांनी पायरीखाली जागा मागितली, अशी आपली श्रद्धा. तिथेही नाव आहेच. पण ते पायाखाली जाण्यासाठी मागितलेलं. आमचं नाव दुसऱ्याच्या पाठीवर बसून चाललं होतं.

यंदा मी सुचवलं की रेनकोट कोरे देऊ या. उत्तर आलं, “मग द्यायचे कशाला?” मला राग आला नाही, कारण आजच्या श्लोकाचा इतका सोपा अर्थ मला कुठल्याच टीकेत सापडला नव्हता. मी एवढंच केलं, डॅशबोर्डवरच्या त्या कॉलमचं नाव बदलायला लावलं. आता तिथे ‘प्रमोशन’ लिहिलंय. त्यानं जग बदललं नाही, पण खोटं एका शब्दानं कमी झालं.

आणि बिल्डरकडे बोट दाखवून मी सुटत नाही. रक्तदान केलं की सेल्फी, वृद्धाश्रमात गेलो की स्टोरी. हे चिंतन टाकल्यावरही तासाभरानं किती जणांनी वाचलं ते मी बघणार, मला माहीत आहे. लोगो माझ्याकडेही आहे, फक्त तो छापलेला नाही.

आजचा अभ्यास: या आठवड्यात एक गोष्ट अशी द्या, जिचा फोटो नाही, पावती नाही, आणि जी घरातही कुणाला सांगायची नाही. दिल्यावर सांगावंसं वाटेल. ती खाज नीट बघा. राजस दान तिथेच राहतं.

उद्या श्लोक २२, तामस दान.

राम कृष्ण हरी!