मर्यादा उघड असावी

संतती ही अल्लाहची अमानत आहे. म्हणून मुलाच्या मोबाइलवरील इंटरनेटला मर्यादा घालणे हे आपले कर्तव्यच आहे. प्रश्न आहे तो पद्धतीचा.

सूरह नूरच्या ५८ व्या आयतीत मुलांसाठीच एक मर्यादा आहे. फजरपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर त्यांनी परवानगी घेऊनच मोठ्यांकडे यावे. या वेळा एकांताच्या आहेत, हे कारण तेथेच दिले आहे आणि इतर वेळी ये-जा करण्यात दोष नाही, हेही स्पष्ट केले आहे. मर्यादेचा हाच आदर्श होय: वेळ ठरलेली, कारण सांगितलेले, उरलेली मोकळीक मान्य केलेली.

याउलट, मुलाच्या नकळत त्याचे संदेश वाचत राहणे हे सूरह हुजुरातने (आयत १२) मना केलेल्या हेरगिरीच्या जवळ जाते. धोक्याची खूण दिसल्यास फोन तपासावाच लागेल; परंतु तशी तपासणी होऊ शकते, हे मुलाला आधीपासून ठाऊक असावे.

सूरह तहरीमची ६ वी आयत ईमानधारकांना आधी स्वतःला व मग कुटुंबीयांना आगीपासून वाचविण्यास सांगते. तेव्हा इशानंतर मुलाचा फोन कपाटात ठेवाल, तेव्हा शेजारी आपलाही ठेवा. अल्लाह आपणा सर्वांना ही समज देवो. आमीन.