टेंगूळ आणि खळगा

२०१८च्या डिसेंबरात जालन्यात महाराष्ट्र केसरी रंगली आणि बाला रफीक शेखने गदा खांद्यावर घेतली. त्या खांद्याला छातीशी जोडून ठेवणारं हाड म्हणजे कॉलरबोन. आपल्या लेखी ते पोरांचं नेहमीचं मोडणारं हाड: पट्टा बांधा, काही आठवडे घरी बसवा, पुन्हा मैदान. बहुतेकदा हे खरंच असतं. हाड मधोमध मोडतं, टेंगूळ येतं, कोवळ्या वयात ते छान जुळूनही येतं.

धास्ती टेंगळाची नाही, खळग्याची आहे.

गळ्याच्या खळगीच्या दोन्ही बाजूंना एकेक बोट ठेवून पाहा. दोन्ही कॉलरबोनची गोटीसारखी आतली टोकं लागतील. कबड्डीत चढाईला गेलेला पोरगा खांद्यावर आपटतो, वर तिघं-चौघं कोसळतात, आणि कधीतरी, फार क्वचित, त्यातलं एक टोक मागे छातीच्या आत सरकतं. वरून विशेष काही दिसत नाही. एका बोटाखाली गोटी लागते, दुसऱ्याखाली नाही, एवढंच. पण त्या टोकामागेच श्वासनलिका, अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या. पोराला गिळताना अडतं, दम लागतो, हाताला मुंग्या येतात किंवा हात सुजतो. आपण म्हणतो, घाबरलाय.

या हाडाचं वागणंच उफराटं. गर्भात सगळ्यांत आधी घडायला लागतं ते हेच, आणि याचं आतलं टोक पुरतं सांधतं ते पंचविशीच्या आसपास. न्यायवैद्यकात वय ठरवायला म्हणूनच ते तपासतात. मतदान करून आलेल्या, मिशी फुटलेल्या पैलवानाचंही हे टोक अजून पोरवयातच असतं. त्यामुळे सांधा निखळल्यासारखा दिसतो, पण बऱ्याचदा तुटलेली असते वाढीची कूर्चा. साध्या एक्स-रेत ती सहज निसटते, सीटी स्कॅनमध्ये सापडते.

सटकलेला खांदा जागच्या जागी बसवणारे हात आपल्या तालमींत आहेत. त्यांचा मान ठेवूनही सांगायला हवं की इथे हात लावू नये. फाटलेल्या रक्तवाहिनीला तेच टोक बुचासारखं दाबून बसलेलं असू शकतं. ते बाहेर ओढलं, की रक्त छातीत. म्हणून डॉक्टरही भूल देऊन, छातीचा सर्जन हाताशी ठेवूनच ते बसवतात. आणि पहिल्या एक-दोन दिवसांत ते चिरफाड न करता बसण्याची आशा जास्त. जालना जिल्ह्यातल्या मंठ्याच्या पोराला मात्र त्यासाठी आधी जालना, मग पुढे साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. सामने रविवारी, आणि घरचे म्हणतात, सोमवारी बघू.

मैदानाच्या कडेला बर्फ असतो, स्प्रे असतो. गिळताना अडतंय का, हे विचारणारं कुणी नसतं. विचारलं तरी पोरगा म्हणणार, "काही नाही, वस्ताद." तसं म्हणायला आपणच शिकवलंय. आवाज तेवढा घोगरा येतो.