लाल शाईचा धनी

मराठीचा मास्तर ही मुळातच एक केविलवाणी जात आहे. गणिताच्या मास्तराला उत्तर बरोबर की चूक एवढंच पाहायचं असतं. आमच्या वाट्याला निबंध. ६० मुलांची एक तुकडी, अशा ४ तुकड्या. 'पावसाळ्यातील एक दिवस' असा विषय दिला, की तपासणाऱ्याला २४० दिवसांचा पावसाळा! अशी ३४ वर्षं मी भिजत काढली.

त्यामुळे परवा पुण्याला पुतणीकडे जे पाहिलं, त्यानं मी खुर्चीतून पडायचाच बाकी होतो. पुतणीही मास्तरीणच. (आमच्या घराण्यात हा रोग आनुवंशिक आहे.) तिनं मुलांच्या वह्यांचे मोबाइलवर फोटो काढले, लॅपटॉपवर चढवले, बटण दाबलं आणि चहा टाकायला उठली. चहाला उकळी फुटायच्या आत अख्ख्या वर्गाचे निबंध तपासून तयार! चुका वेगळ्या, गुण वेगळे आणि शिवाय प्रत्येकाला तीन-तीन ओळींचा शेरा. माझ्या उभ्या हयातीतला सगळ्यात लांब शेरा 'अक्षर सुधारा' हा होता.

"अगं, पण हा अप्रामाणिकपणा नाही का?" मी म्हणालो. "पोरानं जीव ओतून लिहायचं आणि वाचायचं कुणी, तर यंत्रानं?"

"काका, निवडणुकीची कामं, पोषण आहाराचे हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं... यंत्रांची कामं मी करतेच आहे. मग माझं एखादं काम यंत्रानं केलं, तर बिघडलं कुठं?"

यावर काय बोलणार? तसं हे खूळ जुनंच. १९५३ साली स्किनर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले. सोडवलेलं गणित बरोबर की चूक, हे पोरांना तिथल्या तिथे कळत नाही, हे पाहून ते बेचैन झाले आणि त्यांनी शिकवण्याचं यंत्रच बनवलं. पण ते बरोबर-चुकीपुरतं होतं, म्हणून आम्ही भाषेची मंडळी निर्धास्त होतो. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि यंत्र थेट निबंधात शिरलं.

मी 'गुरू-शिष्याचं नातं' या विषयावर घसा खाकरला, आणि नेमकी तेव्हाच एक जुनी वही आठवली.

आठवीतला मुलगा. विषय 'माझी आई'. 'माझी आई पहाटे उठत होती. ती मला डबा देत होती. ती कधी रागावत नव्हती.' रात्रीचे अकरा वाजलेले, वह्यांचा ढीग अर्धा उरलेला. मी सगळे 'होती' लाल शाईनं कापले. 'उठते', 'देते', 'रागावत नाही' असं केलं आणि समासात लिहिलं : 'काळ चुकला.' अर्धा गुणही कापला. दुसऱ्या दिवशी पोरानं नियमाप्रमाणे शुद्ध केलेलं प्रत्येक वाक्य पाच-पाच वेळा लिहून आणलं. माझी आई पहाटे उठते. माझी आई पहाटे उठते...

पालकसभेला त्याची आजी आली. तेव्हा मला कळलं, काळ कुणाचा चुकला होता ते.

हे सगळं पुतणीला सांगितलं आणि म्हटलं, "घाल ती वाक्यं तुझ्या यंत्रात." खरं सांगतो, यंत्रानंही तीच चूक करावी अशी माझी फार इच्छा होती. यंत्र लगेच म्हणालं : क्रियापदं भूतकाळात आहेत, आई हयात नसण्याची शक्यता आहे, विद्यार्थ्याशी हळुवारपणे बोलावे. गुण, दहापैकी सात.

मी गप्प. ३४ वर्षांच्या नोकरीत जे मला दिसलं नाही, ते त्याला चुटकीसरशी दिसलं.

पण पुतणीही गप्पच झाली होती. "बोलावे म्हणतंय," ती म्हणाली. "बोलणार कोण? मी तर हे शेरे नुसते छापून वह्यांत चिकटवणार होते."

माझ्या मते सगळी गोम इथंच आहे. यंत्राला दिसलं, पण त्याची झोप उडाली नाही. मला दिसलं नव्हतं, पण त्या पालकसभेनंतर माझी झोप उडाली. त्यानंतर मी वह्या वेळेवर कधी तपासल्या नाहीत, मात्र प्रत्येक वही शेवटपर्यंत वाचली. त्याबद्दल मुख्याध्यापकांचे दोन मेमोही घेतले. तेव्हा तपासायचं काम यंत्राला खुशाल द्यावं. ते माझ्यापेक्षा बरं करील. पण लाल शाईला धनी हवा, आणि तो चूक झाल्यावर ज्याला रात्री डोळा लागत नाही असाच हवा.

पुतणीनं कप बाजूला सारला आणि पहिल्यापासून एकेक निबंध वाचायला घेतला. चहा अर्थातच थंड झाला. तो गरम करायचं यंत्र घरात होतं, पण उठावं मलाच लागलं.